भिंतीवरचे खरकटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याती नव्हे. चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे तोंडाने सांगण्यापेक्षा फळ्यावर काढून दाखवण्याचीच सवय अधिक. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "त्या बारा चित्रांचे काय झाले ते एकदा उभे राहून सर्वांना सांगून टाका, म्हणजे जी ती आपापल्या परीने सांगते आहे ते तरी थांबेल." त्यांचे म्हणणे मला पटले. गेले वर्षभर मीच निरनिराळ्या गोष्टी ऐकल्या आहेत. मंडळाला लाखाची कमाई झाली असे एकीने ऐकले, तर आमच्यावर पोलीस केस होणार होती असे दुसरीने. दोन्ही खोटे. तेव्हा खरे काय झाले ते सांगते, आणि त्यात माझी चूक कुठे झाली तेही सांगते.

आपल्या चित्रवर्गाला आता सात वर्षे झाली. बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार, याच सभागृहात, शिवणवर्गाची यंत्रे भिंतीला सरकवून आम्ही बसतो. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी आमची चित्रे पाहिली आणि आठ दिवसांनी आपल्या यजमानांना घेऊन आल्या. शिर्डीच्या रस्त्यावर त्या गृहस्थांचे नवे हॉटेल उभे राहत होते. त्यांनी खिशातून फोन काढून एक चित्र दाखवले. मागे दाट काळोख, पुढे चांदीचा चंबू, निळ्या नक्षीचे चिनी मातीचे भांडे, आणि अर्धवट सोललेले लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते आहे. "असली बारा हवीत," ते म्हणाले. "छापील नकोत. जवळ गेल्यावर रंगाचा थर दिसला पाहिजे." एका चित्राचे पाच हजार रुपये ठरले. त्यातला चौथा हिस्सा मंडळाच्या गच्चीच्या दुरुस्तीला द्यावा, असे आमचे आम्हीच ठरवले. गच्ची किती गळते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

दुसऱ्या बुधवारी मी अशी दहापंधरा चित्रे मोठी छापून आणून वर्गात मांडली. मला वाटले होते, बायका हरखून जातील. बराच वेळ कुणी बोलेना. मग आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "अहो बाई, हे तर खरकटे! अर्धे खाऊन उठले, भाकरीचा तुकडा तसाच, पेला आडवा, टेबलावरचे फडके चुरगळलेले. हे आवरायचे सोडून चित्र काय काढत बसले?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण त्या चित्रांचे मर्म काकूंनी एका दमात सांगितले होते.

ही चित्रे हॉलंड देशातली, सतराव्या शतकातली. म्हणजे इकडे शहाजीराजे आणि शिवाजीमहाराज यांचा काळ. त्या देशात नवा ख्रिस्ती पंथ आला. त्याला देवळात मूर्ती आणि चित्रे चालत नसत. चित्रकारांचे मोठे गिऱ्हाईक गेले. मग ते घरांसाठी चित्रे काढू लागले आणि ती बाजारात विकू लागले. व्यापारी घेत, तसे साधे दुकानदारही घेत. घरात लावायची म्हणजे विषयही घरचेच आले : न्याहरीचे टेबल, फुलदाणी, फळांची परात. हार्लेम नावाच्या गावात पीटर क्लास आणि विलेम हेडा हे दोघे अशी न्याहरीची चित्रे काढण्यात फार नावाजले. त्यांचे रंग पाहाल तर राखाडी, करडा, फिकट तपकिरी. एवढ्या थोड्या रंगांत त्यांनी कथिलाची ताटली, काच, पाव आणि पांढरे फडके यांचा निराळा निराळा स्पर्श दाखवला आहे. नावे उच्चारताना माझे चुकत असेल, त्याबद्दल क्षमा करा.

क्लासचे 1627 सालचे एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहे. त्यात टर्की पक्ष्याचा मोठा पाय आहे, म्हणजे मांस भरून भाजलेली कणकेची पेटीच म्हणा, आणि तिच्यावर तोच पक्षी पिसांसह सजवून बसवला आहे. हे काही आपल्यापैकी बहुतेकींना रुचणारे नाही. पण त्याच टेबलावर मिरीची एक पुडी आहे, आणि ती पुडी पंचांगाचे पान फाडून केली आहे! जुन्या पंचांगाच्या पानात हळदकुंकवाची पुडी बांधणाऱ्या माझ्या आजीची मला तिथे आठवण झाली. ती मिरी मात्र तेव्हा मोलाची वस्तू. 1602 साली डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि मिरी, लवंग, जायफळ, चिनी भांडी, छापील कापड असे पूर्वेकडचे सारे त्या देशात जहाजांनी जाऊ लागले. आपल्या वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तेव्हा त्या काळोख्या चित्रांत जे चकाकते आहे त्यातले बरेचसे आपल्या बाजूच्या समुद्रावरून गेलेले आहे.

आणखी एक गोष्ट मला वाचताना सापडली, ती नगरकर म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. विलेम हेडाच्याच घराण्यातला कॉर्नेलिस हेडा नावाचा एक चित्रकार हार्लेमहून निघाला, तो हिंडत हिंडत 1610 च्या सुमारास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी येऊन राहिला आणि इकडेच राहिला. आता हा इब्राहिम कोण? तो लहान असताना ज्यांनी त्याला सांभाळले आणि त्याच्या नावाने विजापूरचा कारभार पाहिला त्या आपल्या चांदबीबी. आपल्या नगरच्या निजामशाहीच्या लेक आणि विजापूरच्या सून. पुढे 1595-96 साली त्यांनीच आपला भुईकोट किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. हेडा आला तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. पण त्यांच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने हार्लेमच्या चित्रकाराला आश्रय दिला, हे काही थोडे नाही. आपले गाव आता अहिल्यानगर झाले, तरी या गोष्टी गावाच्याच राहतात.

असो. चित्रे निवडण्याची वेळ आली तेव्हा हॉटेलमालकांनी पहिली अट घातली : शाकाहारी हवीत. शिर्डीला येणारी भाविक मंडळी, त्यांच्यापुढे कालवे, शेवंड आणि मांस कसे चालेल? अट रास्त होती. पण न्याहरीच्या चित्रांतून कालवे काढली तर उरते काय? मी सांगितले की चित्रातले एखादे भांडे पुसून टाकायचे असेल तर ती नक्कल राहत नाही. तेव्हा ज्यात मुळातच फुलेफळे आहेत अशीच चित्रे घ्यावी. पेल्यांवरूनही घोटाळा झाला. हिरवट काचेच्या बुटक्या पेल्यात पांढरी दारू असते. मालक बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि स्वतःच म्हणाले, "लिंबाशेजारी आहे ना, मग सरबतच!" मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवे होते, असे आता वाटते. लहानशा खोट्याला आपण मान डोलावली की पुढच्याला जागा होते.

विलेम काल्फची पाच, हेडाची तीन आणि राखेल रॉइस नावाच्या बाईंची फुलांची चार, अशी बारा ठरली. राइक्सम्युझियमने आपली चित्रे मोठ्या आकारात कुणालाही संगणकावरून उतरवून घेता येतील अशी फुकट ठेवली आहेत, आणि काढणारे जाऊन अडीचशे वर्षांहून अधिक काळ झाल्यामुळे त्यांच्यावर कुणाचा कायद्याने हक्कही राहिलेला नाही. आपल्याकडे तो हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती. कायदा मला ठाऊक होता, हे एवढ्यासाठी सांगते की पुढची चूक अज्ञानाने झाली असे म्हणायला मला जागा नाही.

काम कसे केले ते थोडे सांगते. कॅनव्हासवर पांढरा लेप असतो, त्यावर आधी पातळ तपकिरी रंग चढवला. डच लोक पांढऱ्यावर सुरुवात करीत नसत. मग चौकटी आखून आकार घेतले. त्यानंतर सगळे चित्र नुसत्या तपकिरीत आणि पांढऱ्यात उजेड-सावलीसह रंगवून घ्यायचे. या थराला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ मेलेला रंग. आमच्या वर्गात त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. हा थर वाळला की त्यावर खरे रंग, आणि शेवटी जवसाच्या तेलात पातळ केलेला पारदर्शक रंग. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम मोडला तर पुढे चित्राला भेगा जातात. जवसाचे तेल सावकाश वाळते. उन्हाळ्यात आपल्या नगरची धूळ ओल्या रंगावर बसे, म्हणून आम्ही प्रत्येक चित्रावर सुती पंचा ताणून बांधत असू. पावसाळ्यात तर एक थर वाळायला पंधरा पंधरा दिवस लागले, आणि वरून गच्चीचे पाणी.

पहिला घोळ पिवळ्या रंगाचा झाला. प्रत्येकीने घरी अभ्यासाला आपल्या फोनवर चित्र घेतले होते. चार जणींनी चार लिंबे रंगवून आणली, त्यांतले एक हळकुंडासारखे, एक कच्च्या कैरीसारखे, एक मोसंब्यासारखे आणि एक अगदी शाळेच्या बसच्या रंगाचे. प्रत्येकीच्या फोनचा पिवळा निराळा! तेव्हापासून फोन बंद, सगळ्यांनी एकाच छापील प्रतीवरून काम करायचे असे ठरले. दुसरा घोळ खुद्द लिंबाचा. साल कशी वळते ते समोर ठेवून पाहावे म्हणून मी श्रीगोंद्याची चांगली रसरशीत लिंबे मागवली. आपले कागदी लिंबू सोलायला घेतले तर साल हातात तुकड्या-तुकड्यांनी आली. डच चित्रातल्या लिंबाची साल जाड, आतून पांढरी आणि लवचीक. शेवटी मोसंबे घेऊन, सुरी न उचलता, एका लांब वळणात साल काढायचा सराव केला. दोन किलो मोसंबी खर्ची पडली. रस आम्हीच प्यालो.

कथिलाच्या ताटलीचा करडा रंग मात्र कुणाला जमेना. चांदी चकाकते, स्टील त्याहून चकाकते, कथील चकाकत नाही. ते उजेड आत ओढून घेते आणि थोडासाच परत देते. स्टीलच्या ताटाकडे पाहून ते कसे कळावे? तेव्हा त्याच काकू घरून एक पितळी परात घेऊन आल्या. तिला आतून कल्हई केलेली. "कल्हई म्हणजे कथीलच की, बाई," त्या म्हणाल्या. इतकी वर्षे शिकवूनही मला ते सुचले नव्हते. ती परात खिडकीशी ठेवली आणि हेडाची ताटली आम्हाला उमगली.

नकलेचे काम हलके, स्वतःच्या मनाचे काढावे ते खरे, असे पुष्कळ लोक म्हणतात. मीही तरुणपणी म्हणत असे. पण आपल्याकडच्या गोष्टी पाहा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर गिल याने वर्षानुवर्षे तिथे राहून केल्या, त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनला जळाल्या. पुन्हा 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना घेऊन नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ 1885 साली तिकडेच जळाल्या. भिंतीवरची मूळ चित्रे तेव्हापासून आणखी झिजली आहेत, आणि वाचलेल्या नकला आता संग्रहालयात जपून ठेवतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या संग्रहालयात युरोपातल्या नामांकित चित्रांच्या हाताने केलेल्या नकला आहेत. आपल्या प्रजेला परदेशी जाऊन मूळ चित्रे कशी पाहायला मिळणार? आणि हॉलंडचा सर्वांत मोठा चित्रकार रेम्ब्रांट, त्याने म्हातारपणी बसून आपल्याकडच्या मोगल चित्रांच्या वीसाहून अधिक नकला केल्या. तेव्हा नकलेने कमीपणा येत नाही. कमीपणा कशाने येतो ते पुढे सांगते.

चित्रे होत आली तेव्हा मालक पाहायला आले. फार खूश झाले. जाता जाता म्हणाले, "खाली कोपऱ्यात त्या चित्रकारांच्या सह्या घाला. म्हणजे खरी वाटतील." आणि भगिनींनो, मी त्या घातल्या. कुणी बळजबरी केली नव्हती. बारीक कुंचला घेऊन, श्वास रोखून, काल्फची सही मी अशी उतरवली की छापील प्रतीशेजारी ठेवली असती तर ओळखू आली नसती. चार चित्रांवर घातली. मला अभिमान वाटला. वर्गाला बोलावून दाखवली.

आमच्यात पोस्टातून निवृत्त झालेल्या एक भगिनी आहेत. बचत खात्याच्या खिडकीवर त्यांनी जन्म काढला. त्यांनी चष्मा वर करून सही पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याची सही करण्याला आमच्या खात्यात काय म्हणत माहीत आहे ना?"

कुणी काही बोलले नाही. मला राग आला. चारचौघींत बोलायची ही रीत आहे का, असेही मनात आले. घरी जाऊन स्वयंपाक केला, पण लक्ष नव्हते. चौतीस वर्षे मी मुलांना सांगत आले की चित्रावर स्वतःचे नाव आणि तुकडी घाला. कार्बन लावून उतरवलेल्या चित्राला मी शून्य दिलेले आहे, आणि एकदा त्या शून्यावरून एका पालकांशी भांडलेही आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करायची परवानगी मिळते, पण नक्कल मूळ चित्राच्या मापाची करू देत नाहीत आणि मूळ सही उतरवू देत नाहीत, हेही मी वर्गाला शिकवलेले होते. सगळे ठाऊक होते. हुबेहूब जमल्याच्या आनंदात ते सगळे बाजूला पडले.

दुसऱ्या दिवशी शनिवार नसताना मी इथे आले, किल्ली मागून घेतली आणि टर्पेंटाईनच्या बोळ्याने चारही सह्या पुसल्या. रंग ओला होता म्हणून निघाल्या. एका चित्राचा कोपरा खरवडला गेला, तो पुन्हा रंगवावा लागला. मग आम्ही असे ठरवले की पुढे कोणतीही सही नको आणि मागे कॅनव्हासवर स्वच्छ अक्षरांत लिहावे : मूळ चित्र अमक्याचे, नक्कल करणारी अमकी, अहिल्यानगर, आणि साल.

याच सुमारास मी वर्गाला दोन बायकांची हकीगत सांगितली, ती तुम्हालाही सांगते. हार्लेमची युडिथ लेइस्टर ही मोठी चित्रकार. आपल्या सहीत ती एक चांदणी काढत असे. तिचे एक चित्र पॅरिसला फ्रान्स हाल्स या पुरुषाचे म्हणून मिरवत होते, त्यावर हाल्सची खोटी सही होती. 1893 साली ती सही खोटी ठरली आणि खालून युडिथची अक्षरे आणि चांदणी निघाली. अडीचशे वर्षांनी! दुसरी मारिया व्हान ओस्टरवाइक, फुलांची चित्रे काढणारी. तिच्याकडे खेर्ट्ये नावाची मोलकरीण होती, रंग घोटून द्यायचे काम करी. मारियाने तिला चित्र काढायला शिकवले, आणि ती मोलकरीण पुढे स्वतःच्या नावाने चित्रकार झाली. मला हॉलंडमधल्या सगळ्या चांदीच्या भांड्यांपेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते. काकूंनी विचारले होते ना, ते खरकटे आवरले कुणी? आवरणारी त्या टेबलांच्या चित्रांत दिसत नाही. पण एक तरी रंग घोटणारी बाई कुंचला धरून पुढे आली.

आणि राखेल रॉइस, जिची चार चित्रे आम्ही घेतली, तिच्याविषयी तर वर्ग सारखे विचारी. वडील शरीरशास्त्राचे आणि वनस्पतींचे जाणकार, त्यामुळे फूल, पान आणि पानावरचा किडासुद्धा तिला ओळखीचा. दहा मुले झाली आणि चित्रे थांबली नाहीत. 1708 साली जर्मनीतल्या एका राजाने तिला दरबारी चित्रकार नेमले. तिच्या फुलदाणीत जी फुले एकत्र दिसतात ती खरोखर एका ऋतूत फुलत नाहीत. निरनिराळ्या महिन्यांत केलेल्या अभ्यासांवरून तिने ती एकत्र आणली. ऐंशी उलटल्यावरही ती रंगवत होती, आणि उतारवयातल्या चित्रांवर सहीशेजारी आपले वयही लिहीत होती. आपल्यात वय विचारले तर काय होते ते मी बोलत नाही! तिचे एक चित्र राइक्सम्युझियमच्या मानाच्या दालनात लागले, तिथे लागलेल्या पहिल्या तीन स्त्रियांच्या चित्रांपैकी ते एक. ते लागले 8 मार्च 2021 रोजी. मूळ संग्रहालय त्याच्या दोनशे वर्षांहून आधीचे.

मालकांना मी सह्या पुसल्याचे सांगितले तेव्हा ते नाराज झाले. मागे तुमची नावे, पुढे सही नाही, मग पाहुण्यांनी काय समजायचे? चीनमध्ये एक गावच्या गाव असल्या नकला रंगवते, तिथून याहून स्वस्तात मागवीन, असे म्हणाले. ते खरे आहे. दाफेन नावाची ती वस्ती आहे, आणि तिथले कारागीर आमच्यापेक्षा कितीतरी जलद हाताने काम करतात. मी म्हटले, मागवा. पण माझ्या एकटीच्या म्हणण्याने भागणार नव्हते, कारण चित्रे मंडळाच्या नावाने घेतली होती. कार्यकारी मंडळाची बैठक झाली. तिथे मतभेद झाले, ते मी लपवत नाही. काही भगिनींचे म्हणणे असे की गच्ची गळते आहे, रंग-कॅनव्हासला आपण पैसे घातले आहेत, सहीच्या दोन अक्षरांसाठी साठ हजारांचे काम घालवायचे का? त्यांचे म्हणणे पैशाचे होते म्हणून वाईट नव्हते. कॅनव्हासला ज्यांनी घरखर्चातून पैसे काढून दिले त्यांना ते म्हणायचा हक्क होता. हात वर करून मते घेतली. सहीच्या विरुद्ध एका मताने निकाल लागला. ते एक मत कुणाचे हे मी विचारले नाही.

शेवटी मालकांनी आठ चित्रे घेतली, सही नसलेली, मागे मजकूर लिहिलेली. चाळीस हजारांचा चेक दिला, तो वटला. दहा हजार गच्चीला गेले, बाकीचे रंगवणाऱ्यांना. गच्ची अजून थोडी गळते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघी-तिघी हॉटेलात चहाला जाऊन आलो. चित्रे सुरेख लावली आहेत. मात्र चौकट करणाऱ्याने मागून प्लायवूड ठोकला आहे, त्यामुळे मागचा मजकूर आता कुणाला दिसायचा नाही. आणि टेबलावरचा मुलगा शेजारच्या पाहुण्यांना सांगत होता की ही चित्रे बाहेरून मागवलेली आहेत. पोस्टातल्या भगिनी उठून त्याच्याकडे निघाल्या होत्या. मी त्यांचा पदर धरून बसवले. बरे केले की वाईट, त्यावर आमचा अजून वाद आहे.

आता शेवटची गोष्ट. आमच्या वर्गात सर्वांत चांगला हात कुणाचा हे आम्हा नऊ जणींना ठाऊक आहे, आणि नऊही जणी सांगणार नाहीत. मागे नावे लिहायची ठरली तेव्हा त्या भगिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझे नाव नका घालू. नाव आले की घरी कळेल. घरी कळले की पैसे माझे राहणार नाहीत." मी नावासाठी सगळ्या मंडळाशी भांडून बसले होते, आणि जिचे नाव सर्वांत आधी लागायला हवे तिलाच ते नको होते. मी तिला पटवायचा प्रयत्न केला. युडिथ लेइस्टरची चांदणी पुन्हा सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "बाई, तिच्या घरी माझी सासू नव्हती." तिच्या चित्रांमागे आम्ही 'चित्रवर्गातील एक सभासद' असे लिहिले. हे आज सांगायला तिची परवानगी मी घेतली आहे. तुम्ही मात्र अंदाज बांधू नका, आणि बांधलात तर घरी बोलू नका.

तुमच्या डाव्या हाताला शिवणयंत्रांच्या वर जे चित्र लावले आहे ते तिचेच. हेडाची नक्कल आहे. हिरवट पेल्याच्या काचेवर मूळ चित्रात खिडकीचे प्रतिबिंब आहे, तिकडच्या लाकडी तावदानांच्या खिडकीचे. तिने रंगवले तेव्हा आपल्या सभागृहाच्या खिडकीचे उभे लोखंडी गज त्यात आले. मी तेव्हा रागावले. नक्कल म्हणजे नक्कल, असे म्हणून दुसरी करायला लावली, आणि तिने मुकाट्याने दुसरी केली. ती तिकडे हॉटेलात आहे, तावदानांसकट बिनचूक. ही पहिली इथे राहिली. फराळाला उठाल तेव्हा जवळ जाऊन पाहा. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतून ऊन येते, तेव्हा गज चांगले दिसतात.